पोरगं गाडी मागायला लागलं की आधी आरसी कुणाच्या नावावर आहे ते बघा

दहावीचा निकाल लागला की माझ्याकडे एक ठराविक फोन सुरू होतो. मी सांगलीत गेली सतरा वर्षं गाड्यांच्या इन्शुरन्सचं काम करते, त्यामुळे हा फोन मला आता पाठ झालाय. "ताई, नवीन अ‍ॅक्टिव्हा घेतोय, पोराला क्लासला जायला, पॉलिसी जरा चांगली टाका." मी विचारते पोरगा केवढा आहे, तर उत्तर येतं, "सोळावं लागलंय, पण चालवतो एकदम मस्त हो!" आता मस्त चालवतो यासाठी पॉलिसीत कुठं रकानाच नाही ना. रकाना आहे तो लायसनचा, आणि ते नसेल तर पुढं जे काही होईल ते सगळं ज्याच्या नावावर आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा दाखला, आहे त्याच्या अंगावर येतं. लोक आपले हेल्मेट घे, हळू चालव, हायवेला जाऊ नको एवढंच पोराला सांगत बसतात, स्वतःचं काय होईल ते कुणी बघतच नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

पहिलं काम, घरातल्या सगळ्या गाड्यांच्या आरसी काढून टेबलावर ठेवा. हसू नका, मी ज्या ज्या घरात हे करायला लावलं तिथं काहीतरी निघालंच. एकाकडे मोपेड बायकोच्या नावावर आणि बायकोला लायसनच नाही. एकाकडे मामाने भाच्याला दिलेली जुनी स्कूटर, द्यायला चार वर्षं झाली तरी कागदोपत्री अजून मामाचीच. असं असेल तर अपघातानंतर नोटीस मामाला येणार, कारण सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्टच सांगितलंय की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, मग गाडी त्याने विकलेली असो की प्रेमाने देऊन टाकलेली असो. मामा मंडळींनी फॉर्म २९ आणि ३० भरून ट्रान्स्फर करून टाकावं, तासाभराचं काम आहे आणि इन्शुरन्सही त्याच दमात नवीन नावावर करून घ्यावा. आणि हो, कुणी फार हुशारी करून "मग पोराच्याच नावावर गाडी घेतो" म्हणत असेल तर तेही चालत नाही, मोटार वाहन कायद्यात मालकाची व्याख्याच अशी आहे की नोंदणी अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाच्या नावावर असली तर त्याचा पालक हाच मालक धरला जातो. फिरून भोपळे चौकात.

आता वयाचं. कार, बाईक, गिअरची-बिनगिअरची, सगळ्याला १८ पूर्ण. एकच सूट आहे ती १६ वर्षांपासून ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीची, आणि तिथंही लर्निंग काढताना पालकाची लेखी संमती लागते. हा नियम लूनाच्या जमान्यातला, तेव्हा ५० सीसीच्या गाड्या दारोदारी होत्या. आज शोरूममध्ये जाऊन बघा, अ‍ॅक्टिव्हा ११० सीसीच्या आसपास, ज्युपिटर तशीच, अगदी दूधवाले वापरतात ती एक्सएल पण १०० ची. म्हणजे सोळाव्या वर्षी काढलेलं ते लायसन कागदावर खरं, पण घरात उभी असलेली गाडी त्यात बसतच नाही. आणि इथंच भल्याभल्यांची फसगत होते. "आम्ही त्याला रीतसर लर्निंग काढून दिलंय" असं छाती फुगवून सांगतात, पण कायद्यातली सूट ज्या प्रकारच्या गाडीचं लायसन आहे त्याच गाडीपुरती आहे, ११० सीसीवर ते कार्ड दाखवून काही उपयोग नाही.

इलेक्ट्रिकचं अजून वेगळं. मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किमीच्या आत असेल तर ती कायद्याने मोटार वाहनच नाही, तिला ना नंबर लागतो ना लायसन. त्यामुळे पोरांसाठी ही स्कूटर घेणारे खूप आहेत आणि त्यात चूक काहीच नाही. पण दुकानदार हळूच सांगतो, "वायर काढून देतो साहेब, ४५ ने पळेल." ती वायर निघाली की तीच स्कूटर मोटार वाहन झाली, तेही बिननंबरची, बिनइन्शुरन्सची, बिनलायसनची. मग कुणाला धडकली तर मधे इन्शुरन्स कंपनी नाहीच, सगळं थेट तुमच्या खिशातून. घ्यायची असेल तर घ्या, पण वायरीला हात लावू देऊ नका आणि बिलावर वॉट आणि वेग दोन्ही लिहून घ्या.

ट्रॅक्टरचं पण सांगून टाकते कारण आमच्या भागात ते पोरांचं पहिलं वाहन असतं. स्वतःच्या रानात पोरगं नांगरट करतंय ती गोष्ट निराळी, लायसनचा नियम सार्वजनिक जागेसाठी आहे. पण गळीत हंगामात सतरा वर्षांचा पोरगा उसाची ट्रॉली जोडून कारखान्याच्या रस्त्याला लागला की तो रस्त्यावरच्या इतर कुठल्याही ड्रायव्हरसारखाच, आणि ट्रॅक्टरला पण १८ पूर्णच लागतात. सोसायटीच्या आतल्या रस्त्याबद्दलही निश्चिंत राहू नका, जिथं लोकांची ये-जा आहे ती जागा कायद्याच्या भाषेत सार्वजनिक ठरू शकते, गेटवर वॉचमन आहे म्हणून सुटलो असं होत नाही.

आता मुख्य कलम, मोटार वाहन कायद्याचं १९९अ. हे १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवून या कायद्याखाली गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लर्निंगसुद्धा मिळत नाही. पंचविशीपर्यंत! म्हणजे कॉलेज झालं, नोकरी लागली, लग्नाच्या गोष्टी सुरू झाल्या तरी साहेब बसने. यासाठी अपघात व्हायलाच पाहिजे असंही नाही, बिनालायसन गाडी चालवणं हाच मुळात या कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय हे चौकात चलान भरून मिटवायच्या गुन्ह्यांच्या यादीत नाही, हे कोर्टात जातं. पाचशेची नोट आणि "साहेब, लहान आहे, जाऊ द्या" हे जे आपल्याकडे चालत आलंय त्याच्या भरवशावर राहू नका.

आणि यातली खरी अडचणीची ओळ वेगळीच आहे. कोर्ट धरूनच चालतं की गाडी पालकाच्या किंवा मालकाच्या संमतीनेच नेली होती. म्हणजे उलटं आहे सगळं, पोलिसांनी तुमची संमती सिद्ध करायची नाही, तुम्ही सिद्ध करायचं की मला माहीत नव्हतं किंवा मी शक्य ती सगळी काळजी घेतली होती. आता "माहीत नव्हतं" म्हणायला तोंड कुठल्या घरात उरलंय ते बघा. किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर, वडिलांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला "लेकाची पहिली राईड" म्हणून फोटो, पेट्रोलचे पैसे आईच्या जीपेवरून गेलेले, क्लासच्या पार्किंगमध्ये रोज त्याच जागी गाडी. एवढं असताना माहीत नव्हतं म्हणायचं आणि समोरच्या वकिलाने तो स्टेटसचा स्क्रीनशॉट काढायचा.

तर किल्लीचं काय करायचं? कपाटात, कुलपात, आणि स्पेअर किल्ली पण. स्पेअर बरेच जण विसरतात, ती शोकेसच्या ड्रॉवरमध्ये जुन्या चार्जरच्या खाली पडलेली असते आणि पोरांना आपल्याआधी माहीत असते. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे आलेलं एक प्रकरण मी सगळ्यांना सांगते. अज्ञान पोराने नातेवाईकाच्या घरातून न विचारता किल्ली उचलली, मोटरसायकल नेली, अपघातात समोरचा माणूस गेला. मालकाचं म्हणणं, मी दिलीच नव्हती, मला विचारलंच नव्हतं. कोर्टाने ऐकलं नाही. गाडीचा गैरवापर होणार नाही हे बघणं मालकाचं काम होतं, नुकसानभरपाई कंपनीने आधी द्यावी आणि मालकाकडून वसूल करावी असा निकाल कायम राहिला. हे सांगितलं की किल्ली खिळ्यावरून निघते, नुसतं कलम सांगून निघत नाही.

आता माझ्या धंद्यातला भाग. यावर जरा जास्त वेळ घेते कारण तुरुंगाची भीती सगळ्यांना असते पण घर रिकामं होतं ते याने.

लोकांना वाटतं फुल इन्शुरन्स आहे, कंपनी बघून घेईल. पॉलिसीची सगळ्यात पहिली अट, चालवणाऱ्याकडे वैध लायसन पाहिजे. पोराकडे नसेल तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम गेलाच, सर्व्हेअर पहिल्याच दिवशी लायसनची कॉपी मागतो. समोरच्याला झालेल्या इजेचं काय, तर दोनच शक्यता. एक, वर सांगितलं तसं, कंपनी त्याला पैसे देते आणि मग तुमच्या मागे लागते, आमच्याकडे याला पे अँड रिकव्हर म्हणतात. किंवा कोर्ट कंपनीला पूर्णच मोकळी करतं, २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने अज्ञान मुलगा चालवत होता त्या प्रकरणात तसं केलेलं आहे. कुठल्याही वाटेने गेलात तरी शेवटचा आकडा तुमच्या घरावर.

आणि तो आकडा केवढा असतो याचा लोकांना अंदाजच नसतो, दोन-चार लाखात मिटेल म्हणतात. मी कागदावर मांडून दाखवते. समजा समोरचा माणूस २८ वर्षांचा, फॅब्रिकेशनचं काम करणारा, महिना २०,००० कमावणारा, घरी बायको, दोन लेकरं आणि आई. वर्षाचे झाले २,४०,०००. चाळिशीच्या आतला आणि स्वतःचं काम करणारा, म्हणून पुढं कमाई वाढली असती असं धरून त्यात ४० टक्के मिळवायचे, झाले ३,३६,०००. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा, राहिले २,५२,०००. मग वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, याला गुणायचं, सव्वीस ते तीस वयाला गुणक १७. गुणाकार करा, ४२,८४,०००. वर अंत्यविधी, पत्नी-मुलांचा आधार गेला त्याचे ठरलेले पैसे, आणि बहुतेक वेळा अर्ज केल्या तारखेपासून व्याज, केस चार वर्षं चालली तर चार वर्षांचं. ही पद्धत सुप्रीम कोर्टाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांनी घालून दिलेली आहे, सगळीकडे असाच हिशोब होतो, वकील कितीही मोठा लावला तरी गुणक १७ चा १० होत नाही. एकाने माझ्यासमोर हा हिशोब स्वतःच्या मोबाईलवर दोनदा करून बघितला आणि मग विचारलं, ताई, हे हप्त्याने देता येतं का.

दिले नाहीत तर? कोर्ट कलेक्टरला दाखला पाठवू शकतं आणि मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. शेतकरी माणसाला याचा अर्थ मी फोड करून सांगायला नको.

अजून एक बारीक गोष्ट, मागे बसणाऱ्या मित्राची. दुचाकीला नुसता थर्ड पार्टी इन्शुरन्स, म्हणजे फक्त समोरच्याच्या नुकसानीचा, असेल तर मागे फुकट बसलेला माणूस त्यात येत नाही. पोराचा मित्र पडून पाय मोडला तर त्याच्या आईबापाचा दावा तुमच्यावर, कंपनीवर नाही. पॅकेज म्हणजे फुल पॉलिसीत मागचा माणूस येतो, दोन्हीतला फरक वर्षाला काही फार नसतो. आणि पॉलिसीतला तो १५ लाखांचा अपघाती कव्हर असतो ना, तो मालकाने स्वतः चालवली तर मालकाला, आणि त्याच्याकडे लायसन असलं तरच. पोराला तो लागू नाही. सवलत म्हणा, बायकोला सरप्राइज म्हणा, बायकोच्या नावावर गाडी घेताना तिला लायसन नसेल तर तो कव्हर कुणालाच लागू नाही, हे एजंटने सांगायला पाहिजे पण सगळेच सांगत नाहीत.

आता रीतसर कसं करायचं ते. अठरावा वाढदिवस झाला की परिवहनच्या सारथी पोर्टलवर लर्निंगचा अर्ज, आधार असेल तर घरी बसून परीक्षा देता येते. एक विनंती, ती परीक्षा पोरालाच देऊ द्या, शेजारी बसून उत्तरं सांगू नका, चिन्हं त्याला रस्त्यावर ओळखायचीत, तुम्हाला नाही. लर्निंग सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्याची टेस्ट देता येते. लोक एकतिसाव्या दिवशी टेस्टला पाठवतात, माझं मत विचाराल तर तीन-चार महिने लागू द्या, पावसात आणि रात्री पण शेजारी बसून चालवून घ्या. लर्निंगवर एकट्याने कार चालवता येत नाही, पक्कं लायसन असलेला माणूस शेजारी पाहिजे, गाडीला पुढं-मागं पांढऱ्यावर लाल एल पाहिजे, ती पाटी निदान १८ सेंटीमीटरची चौकोनी, वहीच्या पानावर पेनाने लिहिलेला एल नव्हे. दुचाकीवर लर्निंग असताना मागे शिकवणारा सोडून कुणालाच बसवायचं नाही, म्हणजे मित्राला लिफ्ट बंद. हे पाळलं तर फायदा असा की लर्निंग हे पण लायसनच आहे असं सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये म्हटलेलं आहे, कंपनीला नुसतं लर्निंग होतं म्हणून हात झटकता येत नाहीत.

पक्कं लायसन आलं म्हणजे आईबाप सुटले का? फौजदारीतून बऱ्यापैकी हो. अठरा पूर्ण झालेल्याने निष्काळजीपणे कुणाचा जीव घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली त्याला स्वतःला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, ते त्याचं त्याच्यापाशी. पण नुकसानभरपाईच्या केसमध्ये मालक म्हणून तुमचं नाव राहणारच, फरक एवढा की लायसन आणि पॉलिसी दोन्ही चालू असेल तर पैसे कंपनी भरते. त्यामुळे पॉलिसी संपायची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी असतो, तो सहाव्या वर्षी संपतो आणि नेमकं तेव्हा पोरगं अठराचं होऊन गाडी हातात घेतं, हा योग मी इतक्या वेळा बघितलाय की आता हसू पण येत नाही.

शेजाऱ्यांच्या, भाच्यांच्या पोरांचं पण तेच. "काकू, दोन मिनिटं गाडी द्या ना, झेरॉक्स काढून येतो." पोरगं सोळाचं असेल तर दोन मिनिटांसाठी मालक म्हणून तुम्हीच अडकता. मी सरळ सांगते, गाडी नाही बाळा, मी सोडते तुला. वाईट वाटतं एकदा, नंतर कोणी मागत नाही. आमच्या जावांमध्ये यावरून माझं नाव कंजूष म्हणून आहेच.

शेवटी नको ते झालंच तर. जखमी माणसाला आधी दवाखान्यात न्या, हे कायद्याने ड्रायव्हरचं कर्तव्यच आहे, मदत करणाऱ्या तिऱ्हाइताला पोलिस साक्षीसाठी जबरदस्ती करू शकत नाहीत त्यामुळे रस्त्यावरच्या लोकांची मदत मोकळेपणाने मागा. जमाव चिडला असेल तर सरळ जवळच्या पोलिस स्टेशनला जा, पण पळून घरी जाऊ नका. पोलिसांना आणि इन्शुरन्स कंपनीला कळवा. गाडी दुरुस्तीला टाकायची घाई नको, फोटो काढून ठेवा. आणि मग घरात हमखास एक जण म्हणतो, "गाडी बाबाच चालवत होते असं सांगू." ड्रायव्हर आहे घरात, तर त्याचंच नाव घालू असंही म्हणतात. हे अजिबात करू नका. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला जे झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शने दोन तरुण इंजिनिअर गेले. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना निबंध लिहायला सांगितला यावर सगळे चिडले ते ठीक, पण पुढं घरातली मोठी माणसं आत गेली ती नुसती गाडी दिली म्हणून नाही, ड्रायव्हरवर आळ ढकलायचा आणि रक्ताचे नमुने बदलायचे आरोप लागले म्हणून पण. आजकाल दर चौकात, दर दुकानावर कॅमेरा आहे, मोबाईलचं लोकेशन आहे. बाबा त्या वेळी ऑफिसात होते हे निघायला अर्धा दिवस लागत नाही, आणि मग पोराच्या केससोबत बाबांची वेगळी केस उभी राहते. तुमच्या एजंटलाही खोटं नाव सांगू नका, क्लेम फॉर्मवर चालवणाऱ्याचं नाव एकदा लिहून गेलं की ते मागे घेता येत नाही, आणि असला फॉर्म घेऊन कुणी आलं तर मी तो हातात घेत नाही, चहा देते आणि वकिलाचा नंबर देते.